सोडलं काय ते सांगा

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला सांगायला हवी होती, कारण ज्या शनिवारी मी हे करून बसलो त्याच दुपारी तिला पाहायला गेलो होतो. पण लग्नाआधी सांगण्याइतकी ओळख नव्हती, आणि लग्नानंतर सांगण्याइतकी हिंमत नव्हती. मधल्या सोळा वर्षांत मी अकोल्यात ‘समझोतावाले वकील’ म्हणून नाव काढलं. ‘तडजोडीचे महत्त्व’ या विषयावर दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात माझं व्याख्यान असतं. शाल मिळते, नारळ मिळतो. शाली इतक्या झाल्या आहेत की बायको त्या आता गाद्यांखाली घालते. त्या व्याख्यानात मी एक उदाहरण हमखास देतो, बहीण-भावाचं. ‘एकही शब्द न बोलता झालेली तडजोड’ असं म्हणून थोडा थांबतो. पोरं टाळ्या वाजवतात.

ते उदाहरण खोटं आहे, आणि त्यातला खोटारडा मी आहे.

हे नीट सांगायचं तर आधी साहेबांबद्दल सांगावं लागेल. साहेब म्हणजे अमरावतीचे माझे सीनियर. तेल्हाऱ्याहून सनद घेऊन आलो तेव्हा त्यांच्या हाताखाली लागलो आणि चांगली नऊ वर्षं राहिलो. उंच, काटक माणूस. काळा कोट उन्हानं इतका विटलेला की दुरून शेवाळी दिसायचा. उन्हाळ्यात डोक्यावर ओला दुपट्टा, त्यातून कोटावर पाणी ठिबकत असे, आणि ते तसेच कोर्टात शिरत. कोर्टात त्यांची भाषा शुद्ध, तुपातली. घरी आले, पुढच्या खोलीतल्या चेंबरात बसले, की पक्की वऱ्हाडी.

चेंबरात कूलर एकच. त्याला चाकं लावून घेतली होती. दोन्ही पक्ष समोर बसले की ज्याचा आवाज चढला त्याच्याकडे साहेब कूलर ढकलत. दुसऱ्याचा चढला की तिकडे. साहेब स्वतः घामानं निथळत.

“तापल्या डोक्यानं सही केली का ते सही नाही राहत, डाग राहते,” म्हणायचे.

नवीन अशील या कूलरनं बिचकायचा. मीही बिचकलो होतो. पहिल्या महिन्यात तो दोनदा माझ्याकडे वळला होता.

तर, तडजोड. आमच्याकडे या एका गोष्टीला नावं पुष्कळ. आपसी करणं, समझोता, मिटवामिटवी. आणि शहाणा माणूस असला की ‘काम्प्रोमाईज’. अशील येऊन टेबलावर हात टेकून म्हणायचा, “घ्या नं वकीलसायेब, काम्प्रोमाईज करून.” जसा काही अर्धा चहा सांगतो आहे.

साहेब पेन खाली ठेवत. “करू. पन सोडलं काय, ते सांग.”

“कोनी?”

“तू.”

“म्या? म्या काहून सोडू? त्यानं सोडावं. मंग काम्प्रोमाईज.”

असला अशील गेला की साहेब माझ्याकडे वळून आपलं सूत्र म्हणत. नऊ वर्षांत मी ते पाढ्यासारखं ऐकलं. “दोघानं सोडलं, तं ते तडजोड. एकानंच सोडलं, तं ते शरनागती. अन् दोघानंही काही सोडलं नाही अन् तरी मिटलं, तं समजून घ्याचं का तिसऱ्याचं गेलं.”

मी मान हलवायचो. मान हलवणं मला पहिल्यापासून चांगलं जमतं. पुढे त्याचा उपयोग झाला.

या सूत्रासाठी साहेबांनी एक वही ठेवली होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. तिला आम्ही सोडवही म्हणायचो. कायद्याच्या दृष्टीनं तिची किंमत शून्य. कोर्टात द्यायचा तडजोडीचा कागद वेगळा असतो, त्याला पुरसीस म्हणतात. पण साहेबांच्या चेंबरातून पुरसिशीवर सही व्हायच्या आधी दोन्ही पक्षांनी या वहीत एकेक वाक्य लिहायचं: मी काय सोडलं. आपल्या हातानं, आपल्या बोलीत. आणि ते समोरच्या पक्षानं मोठ्यानं वाचायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं साहेब लिहीत, तो बोलला तस्संच, आणि त्याला तीनदा वाचून दाखवत. तिसऱ्या वेळेला डोळे मिटून ऐकायला लावत. कितीतरी तडजोडी त्या तिसऱ्या वाचनाला मोडल्या. अशील डोळे उघडून म्हणायचा, “नाही जी, येवढं नाही सोडवत.” साहेब खूश. फी बुडाली तरी खूश.

नांदगाव खंडेश्वरचं एक जोडपं होतं. नवऱ्यानं लिहिलं, “म्या राग सोडला.” साहेबांनी आडवी रेघ मारली.

“राग सोडला म्हंजे काहीच नाही सोडलं. राग उद्या सकाळी पुन्हा येते. वस्तू सांग, वस्तू.”

त्यानं खूप विचार केला. कूलर त्याच्याकडे होता. मग लिहिलं, “म्या जेवता जेवता बायकोच्या मायेरच्याईले नावं ठेवनं सोडलं.” बायकोनं ते मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता हसत सुटली. म्हणाली, “मंग हे जेवतीन कायच्यासंगं?” ते जोडपं नांदलं. अजून नांदतं आहे.

एक शब्द मात्र त्या वहीत चालायचा नाही: ‘स्वखुशीने’. पुरसिशीत तो असतोच, कायद्याचा रिवाज आहे, तिथं साहेब नाइलाजानं चालवून घेत. वहीत कोणी लिहिला की पान फाडत. “हा शब्द कागदावर आला का समजाव, कोनाचं तरी काही जबरदस्तीनं गेलं. खुशीनं सोडनारा मानूस खुशी लिवत बसत नाही.”

घरातही तेच. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली तेव्हा काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, “आता तडजोड करा, अर्धा चमचा.”

“अर्धा म्या सोडला. तू काय सोडलं?”

“मला कुठे साखरेचा आजार आहे?”

“मंग हे तडजोड नाही. हुकूम हाये. हुकूम म्हन, मी ऐकतो.”

काकू त्यांच्याच वरताण. त्यांनी रात्री आठची मालिका सोडली. आठवडाभर दोघं रोज आठ वाजता एकमेकांकडे बघत फिका चहा प्यायचे. आठव्या दिवशी मी फाइल द्यायला गेलो तर गोड चहा पीत मालिका बघत होते.

“काय साहेब, तडजोड मोडली?”

“मोडली नाही. उभयपक्षी रद्द केली.”

असंच एकदा आम्ही अकोल्याच्या एसटीत होतो. तिघांच्या बाकावर चौथ्या माणसानं “काम्प्रोमाईज करा जरा काका” म्हणत बूड टेकवलं. साहेब सरकले आणि म्हणाले, “जागा म्या सोडली. तुमी काय सोडता?”

“मी? माह्याजवळ काय हाये बाप्पा सोडाले?”

“तो हातातला खर्रा. मूर्तिजापूर येईपर्यंत.”

तो गृहस्थ तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी मुठीत आवळून तासभर समोर बघत बसला. मूर्तिजापूरला उतरताना मला म्हणाला, “तुमचे वडील हायेत काय? बैताड हायेत. पन मानूस पक्का हाये.”

“नाही हो, सीनियर आहेत,” असं म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. साहेबांची ओळख सांगायची लाज वाटायची तेव्हा. आता त्यांच्या नावावर शाली घेतो.

शेवटच्या काही वर्षांत त्यांना आणखी एक खूळ लागलं. मी तोवर अकोल्यात स्थिरावलो होतो, अधूनमधून अमरावतीला आलो की भेटायचो. देवबिव न मानणारा हा माणूस रोज सकाळी पायी देवीच्या देवळापर्यंत जायचा, देवळात शिरायचा नाही, बाहेरूनच एक हार विकत घ्यायचा आणि घरी येऊन तो कूलरला घालायचा. भर थंडीतसुद्धा. बंद कूलर आणि त्याला शेवंतीचा हार.

मी हसलो. “साहेब, कूलरची पूजा?”

“थंड तं करते नं थो. आपल्यासारखा नुसता गोल गोल फिरत नाही.”

हा किस्सा मी अकोल्याच्या बार रूममध्ये किती वेळा रंगवून सांगितला असेल. अगदी हार घालताना ते कसे वाकतात त्याची नक्कल करून.

आता सुभद्राबाई.

सुभद्राबाई अमरावतीच्या वेशीवरच्या एका माळी घरातली. बापाची फुलशेती, त्यात विहीर. नवरा वारल्यावर ही माहेरी आली आणि वावरातल्या मधल्या पट्टीत शेवंती लावू लागली. बाप गेल्यावर भावानं, दादारावनं, तिला उठवायला घेतलं. तिनं वाटणीचा दावा लावला. आम्ही तिचे वकील. हे लक्षात ठेवा, आम्ही तिचे वकील होतो. मलाच ते त्या दिवशी लक्षात राहिलं नाही.

साहेबांनी दोन वर्षं खपून तडजोड जमवत आणली होती. मधली पट्टी सुभद्राबाईची, आणि बापाच्या विहिरीचं पाणी तिला दर तिसऱ्या दिवशी. दादाराव कुरकुरत कबूल झाला होता. लोकअदालत शनिवारी होती, आणि त्याच आठवड्यात साहेबांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यांची मुलगी अकोल्याला असते म्हणून तिकडेच करायचं ठरलं. जाताना म्हणाले, “सुभद्राबाईचं मी आल्यावर करू. घाई करू नको. लोकअदालत काय, पुन्हा येते.”

मी मान हलवली.

पण त्या शनिवारी दुपारी चारला मला अकोल्यात मुलगी पाहायला जायचं होतं. तेल्हाऱ्याच्या आत्यानं ठरवलं होतं. मी एकोणतीस वर्षांचा, आधीच्या तीन ठिकाणी ‘कळवतो’ असं ऐकलेला. या वेळी पांढरा शर्ट तीनदा इस्त्री करून घातला होता. बाहेर चैत्रातलं ऊन. एसटीनं गेलो असतो तर मूर्तिजापूर येईपर्यंत त्या शर्टाचा बोळा झाला असता.

सकाळी कोर्टाच्या आवारात दादाराव भेटला. गाडीची किल्ली बोटावर फिरवत. “वकीलसायेब, अकोल्याले चाल्ले म्हनते तुमी? शुभकार्याले?” अमरावतीत बातमी अशी फिरते. “मी बी तिकडंच चाल्लो. बसा नं गाडीत. एसी हाये. फक्त ते बहिनीचं आजच निपटवून टाका.”

“आज नाही. साहेब नाहीत.”

“सायेब नाहीत म्हनूनच म्हन्तो. तुमी काय कमी हाये काय? पट्टी देतो मी. लिहून देतो. पन पानी नाही. इहीर माही. तिले बोअर मारू द्या.”

यात लाच कुठे आहे, सांगा. पैसा नाही, पाकीट नाही. एका माणसानं दुसऱ्याला गाडीत बसा म्हटलं. पण मी त्या गाडीकडे पाहिलं. पांढरी, धुतलेली, काचा वर केलेल्या. आणि माझ्या मनात झरझर कायद्याचे मुद्दे येऊ लागले. जमीन मिळते आहे, हेच मुख्य. पाण्याचं काय, ते नंतर होऊन जातं. दावा दहा वर्षं चालला तर बाईचं काय होईल? शिवाय साहेबांशिवाय केलेली माझी पहिली तडजोड. साहेबही म्हणतील, पोरगा तयार झाला. कापसाच्या घरातला आहे मी. पाण्याशिवाय वावर म्हणजे नुसता सातबाराचा उतारा, हे मला कळत नव्हतं असं नाही. शर्ट जास्त कळत होता.

आवारातल्या टायपिस्टकडून पुरसीस नव्यानं टाइप करून घेतली. पाण्याचं कलम गाळून.

सुभद्राबाई लिंबाखाली बसली होती. पोत्याच्या पिशवीत साहेबांसाठी शेवंतीची फुलं आणली होती, ऑपरेशन झालं म्हणून. म्हणाली, “सायेब नाहीत, तं आज काहून जी?”

“साहेबांचंच ठरलेलं आहे सगळं. फक्त सही.”

“पान्याचं लिवलं नं?”

“आहे बाई त्यात सगळं.”

सोळा वर्षं झाली. हे चार शब्द मी वेगवेगळ्या प्रकारे म्हणून पाहिले आहेत. कसेही म्हटले तरी खोटेच निघतात.

पॅनलवरच्या मंडळींनी त्यांचं काम केलं. विचारलं, “बाई, वकिलांनी समजावून सांगितलं का? कबूल आहे?” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“हो जी,” ती म्हणाली. फोटो निघाला. त्यात बहीण आणि भाऊ दोन बाजूंना आहेत, आणि मधे हसणारा पांढरा शर्ट मी आहे.

राहिली सोडवही. ती मी बॅगेत घालून आणली होती, कारण साहेब आले की पहिल्यांदा तीच मागणार. दादारावनं गाडीच्या बोनेटवर ठेवून लिहिलं, “म्या मधली पट्टी सोडली.” सुभद्राबाईला सही तेवढी यायची. तिचं वाक्य मी लिहिलं: ‘मी विहिरीच्या पाण्यावरील माझा हक्क स्वखुशीने सोडत आहे.’ हात सवयीनं चालत होता. तिनं खाली एकेक अक्षर कोरून सही केली, आणि वही माझ्याकडे सरकवली.

“वाचून दाखवा नं. सायेब तीनदा वाचते.”

दादारावनं गाडीचा हॉर्न वाजवला. एकदाच, हलका. तो काही दटावत नव्हता.

“साहेब आले की वाचतील,” मी म्हटलं आणि वही मिटली.

एसी खरंच छान होता. अकोल्यात शर्टाला एक चुणी नव्हती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “आज कोर्टाला सुट्टी?” मी म्हटलं, “नाही, एका बहीण-भावाची तडजोड करून येतो आहे.” घरभर कौतुक झालं. बायको अजून सांगते, “यांचा चेहरा इतका शांत होता, त्याच्यावरच मी हो म्हटलं.” चेहरा शांत नव्हता, थंड होता. एसीतून उतरून पाच मिनिटं झाली होती.

आठव्या दिवशी सुभद्राबाई चेंबरात आली. “सोमवारी माही पाळी होती. भावानं पाईप काढून टाकला. म्हन्ते, तूच लिहून देलं.”

मी फाइल उघडून तिच्यासमोर धरली. “बाई, सही तुमचीच आहे ना?”

तिनं सहीवर बोट ठेवलं. “सही तं माहीच हाये.” मग आतल्या दाराकडे पाहिलं. “सायेब हायेत काय?”

साहेब आत होते, डोळ्याला हिरवी पट्टी लावून. “डॉक्टरांनी भेटायला मनाई केली आहे,” मी म्हटलं. तिनं पिशवी उचलली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला माझ्याकडे कलमं होती.

दोन दिवसांनी साहेबांनी वही मागवली. एका डोळ्यानं, भिंग लावून ते पान बराच वेळ पाहिलं.

“वाचून दाखवलं?”

“हो साहेब.”

“तीनदा?”

“तीनदा.”

“अन् थे काय म्हनली?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“नाही साहेब.”

वही मिटली. पट्टीवरून हात फिरवला. कूलर माझ्याकडे वळवला आणि आत गेले.

त्यानंतर जो भेटेल त्याला साहेब सांगू लागले, माझ्यादेखत: “आमच्या ज्युनियरनं केलेली तडजोड ऐकली काय? बाई एक शब्द बोलली नाही. एकही शब्द न बोलता झालेली तडजोड.” मी लाजायचो. मला कौतुक वाटलं ते! पाठ करून ठेवलं. तीच टाळ्यांची ओळ.

साहेब गेल्या वर्षी गेले. सगळं आटोपल्यावर काकूंना भेटायला गेलो तर त्यांनी कापडात बांधलेली सोडवही पुढे ठेवली. “हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं.”

गाडीत बसून मी पानं उलटली. शेकडो माणसं होती त्या वहीत, आणि प्रत्येकजण आपापल्या तोंडानं बोलत होता. कोणी भिंतीतली खिडकी सोडली होती, कोणी बैलाच्या गळ्यातली घंटा, कोणी माहेरच्यांना नावं ठेवणं. त्यात एकच वाक्य कोणाच्याही तोंडचं नव्हतं, ‘स्वखुशीने’वालं. साहेबांना भिंगाची गरजच नव्हती. आणि ते पान त्यांनी फाडलं नव्हतं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, एका डोळ्यानं लिहिल्यासारखं, वाकडं, मोठ्या अक्षरांत:

वाचून दाखवणे बाकी.

मी गाडीतून उतरून पुन्हा घरात गेलो. काकूंना वाटलं, काही विसरलो.

“काकू, साहेबांना माहीत होतं?”

काकूंनी कूलरकडे पाहिलं. वाळका हार अजून त्यावरच होता. “हा हार कोणाकडून आणत होते असं वाटतं तुम्हाला? पाणी गेलं, शेवंती वाळली. ती आता बाजारातून फुलं आणून देवळापुढे हार विकते. मी शंभरदा म्हटलं, सांगून का नाही टाकत तिला? तर म्हणायचे, सांगितलं तर पोराची सनद जाते, नाही सांगितलं तर तिचं पाणी जाते.”

“मग?”

“मग काय. हार आणत होते.”

“मला तरी विचारायचं!”

“विचारत नव्हते? ‘बाई एक शब्द बोलली नाही’ म्हणत येईल त्याच्यासमोर तेच तर विचारत होते तुम्हाला.”

मग मला त्यांचं सूत्र माझ्यावरच लावून पाहावं लागलं. साहेबांनी ज्युनियर सोडला नाही. मी सनद सोडली नाही, बायको सोडली नाही, व्याख्यानं सोडली नाहीत. आमच्या दोघांत एक शब्द न बोलता मिटलं. दोघांनीही काही सोडलं नाही आणि तरी मिटलं, तर समजून घ्यायचं की तिसऱ्याचं गेलं. ते तिसरं माणूस रोज सकाळी देवळापुढे बसून साहेबांना हार देत होतं. हा एवढा पक्का माणूस, एसटीत अनोळखी माणसाचा खर्रा सोडवणारा, माझ्यापुढे येऊन थांबला. मी त्याला बिघडवलं, हाही माझाच पराक्रम.

त्यानंतर मी अमरावतीला दोनदा गेलो. पहिल्यांदा देवळाच्या वळणावरूनच परत फिरलो. कारण पार्किंग नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो. केस पांढरे, बोटं तशीच चपळ. तिनं मान वर केली आणि ओळखलं.

“अकोल्यालेच असता नं आता वकीलसायेब? सायेब गेल्याचं समजलं. बैताड मानूस होता, पन रोज येत जाये.” मग सुई दोऱ्यात ओवत, सहज, “थे वही तुमच्याइथंच असंन नं आता?”

“हो.”

“सायेब वाचून दाखवतो म्हने, आज दाखवतो, उद्या दाखवतो. राहूनच गेलं.”

मी काय केलं? हार घेतला. गाडीला घातला. अकोल्यापर्यंत वाऱ्यानं त्याच्या पाकळ्या उडत होत्या आणि मी सगळ्या काचा उघड्या ठेवल्या होत्या, एसी बंद. एवढं प्रायश्चित्त मला झेपतं.

आणि दुसरं हे लिहिणं. छापून येईल, चार लोक वाचतील, एखादा म्हणेल, वा, प्रामाणिक माणूस. कदाचित आणखी एक शाल. बायको वाचेल, तिला त्या शांत चेहऱ्याचं कारण कळेल, मग जे होईल ते होईल. पण जिच्यासाठी हे लिहायला हवं होतं तिला अक्षर लागत नाही. छापून ते फिटणार नाही. साहेब असते तर यावरही आडवी रेघ मारून म्हणाले असते, पश्चात्ताप सोड, वस्तू सांग.

तर वस्तू सांगतो. देवळापुढे बसून सुभद्राबाईला तिच्या नावावरचं ते वाक्य तीनदा वाचून दाखवणं, ते तेव्हा वाचलं नव्हतं आणि पाण्याबद्दल मी तिच्याशी खोटं बोललो होतो असं माझ्या सहीचं शपथपत्र तिच्या हाती देणं, आणि त्यापायी सनद गेली तर जाऊ देणं. एवढं माझ्याकडे अजून बाकी आहे.